जोडणी नाकारली गेली तेव्हा: कुटुंबांच्या खर्चावरील एका पीएच.डी. प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागातले आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि महिन्यांचे आकडे थोडे पुढेमागे केले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

पीएच.डी. विद्यार्थिनीची जागा पूर्ण निधीची होती. ४८ महिन्यांचा करार, दरमहा पगार आणि एक चतुर्थांश वेळ अध्यापनासाठी. म्हणजे अभ्यासक्रम आणि संशोधन मिळून हातात ३६ महिने. पहिले नऊ महिने सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र आणि अर्थमिती यांच्या सक्तीच्या अभ्यासक्रमात जाणार होते. निधी विभागाचा नव्हता. मार्गदर्शकांना मिळालेल्या अनुदानातला होता, आणि ते अनुदान करार संपल्यानंतर सहाच महिन्यांनी संपत होते. ही शेवटची गोष्ट जाहिरातीत नव्हती आणि मुलाखतीत कोणी विचारलीही नाही.

संशोधनाचा प्रश्न सांगायला सोपा आहे: उत्पन्न बदलले की कुटुंबाचा खर्च किती बदलतो? उत्पन्नातल्या बदलाचा जेवढा हिस्सा खर्चात उतरतो, त्याला सीमांत उपभोग प्रवृत्ती म्हणतात. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या स्थायी उत्पन्नाच्या कल्पनेप्रमाणे एकदाच मिळालेल्या पैशातला थोडाच भाग लगेच खर्च व्हावा आणि कायमच्या बदलातला जवळजवळ सगळा. प्रत्यक्ष मोजणी मात्र एका सुरात बोलत नाही. अमेरिकेत २००१ साली करपरताव्याचे धनादेश सामाजिक सुरक्षा क्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांनुसार वेगवेगळ्या आठवड्यांत पाठवले गेले. जॉन्सन, पार्कर आणि सूलेलेस यांनी त्याचा फायदा घेऊन दाखवले, की रक्कम हातात आली त्या तिमाहीतच तिचा २० ते ४० टक्के भाग टिकाऊ नसलेल्या वस्तूंवर खर्च झाला. ब्लंडेल, पिस्टाफेरी आणि प्रेस्टन यांच्या २००८ च्या अभ्यासात कायमच्या धक्क्याचा (उत्पन्नातल्या अनपेक्षित बदलाचा) सुमारे ६४ टक्के भाग खर्चात उतरलेला दिसतो, तात्पुरत्या धक्क्याचा जेमतेम ५ टक्के. नॉर्वेतल्या लॉटरी विजेत्यांनी मात्र बक्षिसाचा निम्म्याच्या आसपास भाग त्याच वर्षी खर्च केल्याचे निघाले.

तात्पुरत्या पैशासाठी ५ टक्के आणि ५० टक्के ही दोन्ही उत्तरे जाणकारांनी काळजीपूर्वक काढलेली आहेत. फरक काही अंशी माणसांच्या वागण्यातला असेल, काही अंशी ‘खर्च’ म्हणून काय धरले त्यातला. पण बराच मोठा भाग उत्पन्न कसे मोजले आणि खर्च कसा मोजला, यात असतो. या प्रकल्पाची पुढची सगळी ओढाताण या एका मुद्द्याभोवती फिरली.

मंजूर प्रस्तावात तीन शोधनिबंध होते: एकरकमी मिळकतीला कुटुंबांचा प्रतिसाद, कारखाना किंवा आस्थापना बंद पडून नोकरी गेल्यावरचा प्रतिसाद, आणि या दोन्हींना एका चौकटीत बसवणारे गणिती मॉडेल. त्यासाठी दोन स्रोत होते. पहिला, कर आणि संपत्तीच्या वार्षिक प्रशासकीय नोंदी. दुसरा, एका बँकेतल्या खातेदारांचे महिनावार व्यवहार. दोन्ही स्रोत व्यक्तिनिहाय जोडायचे, हा प्रस्तावाचा कणा होता.

अडचण

डेटासाठीचा अर्ज चौथ्या महिन्यात गेला. तो आधी नैतिकता समितीकडे, मग विद्यापीठाच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्याकडे आणि शेवटी नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेकडे जायचा होता. पहिल्यांदा तो परत आला, कारण चलांच्या (नोंदींतल्या रकान्यांच्या) यादीत ‘उपलब्ध असलेली सर्व चले’ असे लिहिले होते. प्रत्येक चल कशासाठी हवे, ते कोणत्या समीकरणात येणार, किती वर्षांचे हवे, याचे एका ओळीचे कारण द्यावे लागते. हे काम दोन दिवसांचे असते. फेरी मात्र अडीच महिन्यांची झाली.

दुसऱ्यांदा उत्तर आले ते तेराव्या महिन्यात. प्रशासकीय नोंदी मिळतील, पण बँकेच्या व्यवहारांशी त्यांची जोडणी करता येणार नाही. खातेदारांनी बँकेला दिलेल्या संमतीत अशा वापराचा उल्लेख नव्हता. बँक तिचा डेटा द्यायला तयार होती, पण फक्त तिच्या स्वतःच्या सर्व्हरवर आणि ओळखक्रमांक काढून.

जोडणी का हवी होती, हे समजल्याशिवाय नुकसान किती झाले ते कळत नाही. प्रशासकीय नोंदींत खर्च लिहिलेला नसतो. तो हिशेबाने काढावा लागतो:

खर्च = करोत्तर उत्पन्न − (वर्षअखेरची निव्वळ संपत्ती − वर्षारंभीची निव्वळ संपत्ती) + किंमतवाढीमुळे झालेला नफा

या हिशेबी खर्चात एक खोच आहे. उत्पन्नाच्या नोंदीत चूक असेल, तर तीच चूक जशीच्या तशी खर्चातही उतरते, कारण खर्च उत्पन्नातूनच काढला आहे. समजा, खरी प्रवृत्ती ०.३० आहे आणि उत्पन्नातल्या बदलाच्या मोजलेल्या विचरणापैकी (आकड्यांच्या चढउतारापैकी) २० टक्के नुसती चूक आहे. हिशेबी खर्च वापरला तर उत्तर ०.३० × ०.८ + ०.२, म्हणजे ०.४४ येते. खर्च स्वतंत्रपणे मोजला असेल, तर तीच चूक उत्तर खाली ओढते: ०.३० × ०.८, म्हणजे ०.२४. एकाच कुटुंबांबद्दल एक स्रोत ०.४४ सांगतो, दुसरा ०.२४. सत्य मधे कुठेतरी आहे आणि निरीक्षणे कितीही वाढवली तरी हे अंतर मिटत नाही.

प्रशासकीय नोंदींत उत्पन्नाची चूक येईलच कशी, असे कोणी म्हणेल. ती बहुतेक वेळा तारखेची असते. मागील काळाची थकबाकी एका करवर्षात नोंदली जाते आणि खात्यात पुढच्या वर्षी जमा होते. परतावा, भरपाई, सुट्यांचे पैसे यांचेही तसेच. संपत्तीची मोजणी ३१ डिसेंबरच्या शिलकेवर होते, त्यामुळे आठवडाभराचा फरकही वर्ष बदलतो. बँकेतल्या प्रत्यक्ष खर्चाची जोड असती, तर ही चूक किती मोठी आहे ते थेट मोजता आले असते. तेच दार बंद झाले.

समोरचे पर्याय

चार पर्याय पुढे आले.

पहिला: खातेदारांची नव्याने संमती घेऊन पुन्हा अर्ज करणे. मार्गदर्शकांचा कल इकडे होता. सगळ्यात चांगला निबंध यातूनच निघाला असता, हे खरे. पण आठ ते बारा महिने जाणार होते, आणि संमती देणारे खातेदार न देणाऱ्यांपेक्षा वेगळे असतात. ज्यांची आर्थिक ओढाताण चालू आहे, तेच गळण्याची शक्यता जास्त. आणि प्रश्न तर त्यांच्याचबद्दल होता.

दुसरा: फक्त प्रशासकीय नोंदींवर काम. सगळी लोकसंख्या, बरीच वर्षे आणि संपत्तीचे पूर्ण चित्र मिळते. किंमत म्हणजे वर सांगितलेली चूक.

तिसरा: फक्त बँकेचा डेटा. इथे खर्च महिनावार आणि थेट दिसतो. पण खाते म्हणजे कुटुंब नव्हे. जोडीदाराचे खाते दुसऱ्या बँकेत असू शकते, रोख काढलेली रक्कम कुठे गेली ते कळत नाही, स्वतःच्याच बचत खात्यात वळवलेले पैसे खर्च वाटतात, आणि क्रेडिट कार्डाची खरेदी व कार्डाच्या बिलाचा भरणा दोन्ही मोजले तर खर्च दुप्पट होतो.

चौथा: डेटा बाजूला ठेवून मॉडेल आणि काल्पनिक प्रश्नांची पाहणी. ‘अचानक एका महिन्याच्या उत्पन्नाइतकी रक्कम मिळाली तर किती खर्च कराल?’ अशा धर्तीचा प्रश्न इटलीच्या २०१० च्या कुटुंब पाहणीत विचारला गेला होता आणि सरासरी उत्तर ४८ टक्के आले होते. पद्धत कमी लेखण्यासारखी नाही, पण नवी पाहणी करायला अनुदानात तरतूद नव्हती.

निर्णय

या टप्प्यावर एक गोष्ट फार चांगली झाली. चर्चा बैठकीत गोल फिरू लागल्यावर सहमार्गदर्शकांनी विद्यार्थिनीला दोन पानी टिपण मागितले. प्रत्येक पर्यायाखाली तीनच नोंदी: किती महिने लागतील, किती छोटा परिणाम ओळखता येईल, आणि तो पर्याय कोणत्या तारखेला सोडून द्यायचा.

मधल्या नोंदीने वाद मिटवला. एकरकमी मिळकतीचा निबंध मोठ्या बक्षिसांच्या विजेत्यांवर बेतला होता, आणि नोंदींच्या माहितीपुस्तिकेवरून वापरण्याजोगे विजेते सुमारे ४०० निघत होते. हिशेबी खर्चातल्या वार्षिक बदलाचे प्रमाण विचलन वार्षिक उत्पन्नाच्या ६० टक्के धरले आणि बक्षीस सरासरी उत्पन्नाच्या २० टक्के धरले, तर प्रवृत्तीची प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) ०.६ ÷ (०.२ × √४००), म्हणजे ०.१५ होते. पाच टक्के सार्थकता पातळी आणि ८० टक्के पॉवर (खरा परिणाम असल्यास तो पकडण्याची शक्यता) यांसाठी तिला २.८ ने गुणायचे: ०.४२. याहून लहान प्रतिसाद असेल तर तो शून्यापासून वेगळा ओळखण्याची खात्री नाही. ०.३ आणि ०.५ यांतला फरक सांगणे तर दूरच. हा निबंध कागदावरच संपला होता आणि ते तेराव्या महिन्यात कळले. प्रस्ताव लिहितानाच हे गणित व्हायला हवे होते. ते करायला एक दुपार लागते.

आस्थापना बंद पडण्याच्या निबंधात बाधित कुटुंबे ६,००० च्या आसपास होती. तेच सूत्र लावून, उत्पन्नातली घटही २० टक्के धरली, तर ओळखता येणारा किमान परिणाम ०.११ वर येतो. तिथे काम करण्यात अर्थ होता.

ठरले ते असे. पहिला पर्याय पंधराव्या महिन्याच्या अखेरपर्यंत जिवंत ठेवायचा. तोपर्यंत बँकेकडून लेखी होकार आला नाही तर कायमचा बंद. नोकरी जाण्याचा निबंध प्रशासकीय नोंदींवर करायचा. एकरकमी मिळकतीचा निबंध बँकेच्या डेटावर न्यायचा आणि प्रश्न अरुंद करायचा: रक्कम व तारीख आधीच ठाऊक असलेले पैसे खात्यात आले, की त्या आठवड्यांत खर्च बदलतो का? तारीख आधी ठाऊक असेल, तर स्थायी उत्पन्नाच्या कल्पनेप्रमाणे खर्च त्या दिवशी हलायला नको. हलला, तर हाताशी सुटा (लगेच खर्चता येणारा) पैसा नसणे किंवा नियोजनाचा अभाव याकडे बोट जाते. शिवाय या प्रश्नाला एकूण संपत्तीची गरज नव्हती. खात्यातली शिल्लक पुरत होती. मॉडेलचा निबंध दोन परिणामांना जुळवण्यापुरता लहान करायचा.

बँकेचा लेखी होकार आला नाही. पंधरावा महिना संपला आणि पहिला पर्याय बंद झाला. मार्गदर्शकांना ते जड गेले, पण तारीख आधीच मान्य केलेली असल्याने नवा वाद झाला नाही.

काय केले

प्रशासकीय नोंदी सोळाव्या महिन्यात खुल्या झाल्या. मधले तीन महिने वाया गेले नाहीत. माहितीपुस्तिकेतली चलांची नावे आणि स्वरूप घेऊन विद्यार्थिनीने बनावट आकड्यांची फाइल तयार केली, खरी प्रवृत्ती स्वतः ठरवून तिच्यात घातली, आणि आपला कोड ती परत शोधून काढतो का ते पाहिले. ०.३० घातले असताना ०.४४ बाहेर येते, हे तिला खऱ्या डेटाआधीच दिसले. सुरक्षित सर्व्हर उघडला त्या आठवड्यात साफसफाईचा सगळा कोड चालला.

साफसफाईचे नियम असे होते. घराची खरेदी-विक्री झालेली वर्षे, लग्न, घटस्फोट किंवा मृत्यूची वर्षे, आणि स्वतःचा व्यवसाय असलेली कुटुंबे बाहेर. शेअरवरचा नफा प्रत्येक कंपनीच्या शेअरसंख्येला किंमतबदलाने गुणून काढायचा. फंडांची फक्त एकूण रक्कम असेल तिथे निर्देशांकाचा परतावा वापरायचा. मोह होता तो टोकाची मूल्ये छाटण्याचा. हिशेबी खर्च ऋण येणारी कुटुंबे पाहून अंगावर काटा येतो आणि ती काढून टाकावीशी वाटतात. पण खर्चावरच छाटणी केली, तर ज्यांचा खर्च सगळ्यात जास्त घसरला तीच कुटुंबे गळतात आणि प्रतिसाद कमी दिसतो. म्हणून छाटणी फक्त धक्क्याच्या आधीच्या वर्षांतल्या चलांवर केली, आणि प्रत्येक नियम लावल्यावर किती कुटुंबे उरली व अंदाज किती हलला याचा तक्ता जोडला. परीक्षकांनी पुढे सगळ्यात जास्त विश्वास याच तक्त्यावर ठेवला.

‘आस्थापना बंद’ याची व्याख्याही सरळ नसते. ओळखक्रमांक नाहीसा झाला म्हणजे कारखाना बंद पडला असे नाही. विलीनीकरण किंवा मालकीबदलातही क्रमांक बदलतो. जुन्या ठिकाणच्या कामगारांपैकी ३० टक्क्यांहून अधिक एकाच नव्या क्रमांकावर गेलेले दिसले, तर ती घटना वगळली. शिवाय शेवटच्या वर्षी उरलेले कामगार तेवढे धरून चालत नाही, कारण ज्यांना दुसरीकडे नोकरी मिळू शकते ते जहाज बुडण्याआधी उतरतात. म्हणून बंद होण्याच्या तीन वर्षे आधी जे तिथे होते, ते सगळे बाधित मानले.

घटना वेगवेगळ्या वर्षी घडत असल्याने नेहमीचे कुटुंब व वर्षाचे स्थिर परिणाम (प्रत्येक कुटुंबाचा व वर्षाचा ठरावीक वेगळेपणा) घातलेले रिग्रेशन (चलांतला संबंध मोजणारे समीकरण) पुरत नव्हते. त्यात आधी बाधित झालेली कुटुंबे नंतरच्यांसाठी तुलना गट बनतात, आणि परिणाम वर्षागणिक वाढत किंवा विरत असेल तर अंदाज वाकडा येतो. तुलना फक्त अजून बाधित न झालेल्या कुटुंबांशी ठेवली.

मध्येच सापडलेली चूक

सत्ताविसाव्या महिन्यात एक आलेख पटेना. नोकरी गेल्यावर दोन वर्षांनी काही कुटुंबांचा खर्च आधीपेक्षा वाढलेला दिसत होता. मार्गदर्शकांना वाटले, नुकसानभरपाईचे पैसे खर्च होत असावेत. ते स्पष्टीकरण सुसंगत होते आणि निबंधात तसे लिहूनही झाले होते.

कारण वेगळे निघाले. कुटुंबाचा क्रमांक दरवर्षी पत्त्यावरून नव्याने बनत होता. नोकरी गेलेली तरुण माणसे आईवडिलांकडे परत गेली, की त्यांचा क्रमांक बदलायचा आणि त्यांच्या नावावर चौघांच्या घराचा खर्च पडायचा. वाढलेला खर्च नव्हता, वाढलेले घर होते. विद्यार्थिनीला ते कुटुंबातल्या माणसांची सरासरी संख्या त्याच आलेखावर काढल्यावर दिसले. उपाय म्हणजे धक्क्याच्या तीन वर्षे आधीच्या व्यक्ती पक्क्या करायच्या आणि पुढे त्या व्यक्तींचेच उत्पन्न व संपत्ती जोडत जायचे, त्या कुठेही राहोत.

दुरुस्तीला अडीच महिने लागले. त्यातले तीन आठवडे नुसते तक्ते बाहेर काढण्यात गेले, कारण सुरक्षित सर्व्हरवरून निघणाऱ्या प्रत्येक तक्त्यात कोणत्याही चौकटीत फार थोडी कुटुंबे नाहीत ना, हे तिथले कर्मचारी हाताने तपासतात. घरी परतणे हीच स्वतः एक विमा व्यवस्था आहे, ही गोष्ट पुढे निबंधाचा सर्वांत वाचनीय भाग ठरली. खर्च सांभाळायला कुटुंबे बचत मोडतात हे सगळे लिहितात. ती एकत्रही येतात, आणि कुटुंबाची व्याख्या बदलती ठेवली तर ते आकड्यांत लपून जाते.

परिणाम

नोकरी जाण्याचा निबंध चौतिसाव्या महिन्यात तयार झाला, बँकेच्या डेटावरचा चाळिसाव्या महिन्यात. धक्क्याआधी हाताशी सुटा पैसा कमी होता त्या कुटुंबांचा खर्च जास्त हलला, हा निष्कर्ष दोन्हींत टिकला. घर किंवा निवृत्तीनिधीत भरपूर संपत्ती असूनही खात्यात थोडीच शिल्लक असलेली कुटुंबे या बाबतीत गरीब कुटुंबांसारखी वागली. हिशेबी खर्चाचे अंदाज वरच्या बाजूला झुकलेले असू शकतात हे निबंधात लपवले नाही. चुकीचा वाटा ०, १० आणि २० टक्के धरून तिन्ही उत्तरे शेजारी शेजारी दिली.

प्रबंध पन्नासाव्या महिन्यात सादर झाला. वरचे दोन महिने विभागाने अध्यापनाच्या मोबदल्यात भागवले. अर्थशास्त्रातली आंतरराष्ट्रीय शैक्षणिक नोकरभरती मुख्यतः वर्षातून एकदाच, साधारण नोव्हेंबरच्या अर्जांनी सुरू होते, आणि त्यासाठी एक पूर्ण निबंध हातात असावा लागतो. चौतिसावा महिना त्या चक्रात बसला हे नशीब. आणखी एक फेरी उशीर झाला असता, तर वर्ष गेले असते.

वेगळे काय करता आले असते

डेटाचा अर्ज जागा भरण्याआधी मार्गदर्शकांच्या नावाने जायला हवा होता आणि विद्यार्थिनीचे नाव नंतर जोडता आले असते. अनुदान मंजूर होणे आणि रुजू होणे यांत आठ महिने होते. जोडणीला संमती लागते का, हा प्रश्न बँकेच्या कायदा विभागाला एका पत्राने विचारता आला असता. मंजूर प्रस्तावात मार्गदर्शकांनी ‘जोडणी करू’ असे लिहिले, ‘जोडणी न झाल्यास’ असे एकही वाक्य लिहिले नाही. आमच्या मते या प्रकरणातली खरी चूक ती आहे, आणि तिची किंमत सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या महिन्यांनी चुकवली गेली.

अशा जागेसाठी अर्ज करणाऱ्याने मुलाखतीतच विचारावे: डेटा आज कोणाच्या हातात आहे? परवानगीपत्रावर मुदत कधीची आहे? अनुदान कराराआधी संपले तर पगार कोण देणार? याआधी याच डेटावर कोणी प्रबंध पूर्ण केला आहे का, आणि त्याच्याशी बोलता येईल का? चांगला मार्गदर्शक या प्रश्नांनी दुखावत नाही.

घरसंख्येची चूक टाळता आली असती का, याबद्दल मतभेद आहेत. सहमार्गदर्शकांच्या मते धक्क्याभोवती उत्पन्न, संपत्ती, माणसांची संख्या आणि पत्ता या चारही गोष्टींचे आलेख पहिल्या आठवड्यात काढायचे असतात. मार्गदर्शकांच्या मते ती शोधाचाच भाग होती. आम्हाला पहिले मत पटते, कारण बनावट फाइलीत कुटुंबे कधी फुटत वा जुळत नव्हती. ती घातली असती तर कोड तिथेच अडला असता.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. बँकेच्या सर्व्हरवरचा प्रवेश करारासोबतच संपला. बँकेच्या डेटावरच्या निबंधावर नियतकालिकाच्या परीक्षकांनी एक साधी तपासणी मागितली, पगार जमा होण्याचा दिवस महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी असणाऱ्यांना वेगळे करून दाखवा म्हणून. कोड तयार आहे, पण तो चालवायला आत जाता येत नाही. बँकेशी झालेल्या करारात प्रबंधानंतर २४ महिने प्रवेश, असे एक कलम असते तर काम दोन दिवसांचे होते. नवा अर्ज सध्या बँकेकडे आहे.